गोळी आहे, मग एचआयव्ही बरा का होत नाही?



आजच्या विषयावर बोलायला तुम्ही डॉक्टरऐवजी एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला बोलावलंत, म्हणून आधीच एक गोष्ट सांगून टाकतो. मी दिवसभर कोड लिहितो, रोगी तपासत नाही. औषधाबद्दल शेवटचा शब्द एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांचा. पण हा विषाणू आपल्या शरीरात नेमकं काय करतो हे समजून घ्यायला लागलो, तेव्हा मला तो माझ्याच धंद्यातला प्रश्न वाटला. म्हणून गेली काही वर्षं त्याबद्दल मिळेल ते वाचतोय.

कार्यक्रमाआधी ग्रुपवर प्रश्न पाठवायला सांगितले होते. निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच अर्थाचे आले. एकाने लिहिलंय, "कोरोनाची लस वर्षभरात निघाली. एचआयव्ही 1983 पासून माहीत आहे. चाळीस वर्षांत औषध निघत नाही, म्हणजे काहीतरी गडबड आहे." आणि मग या गडबडीची दोन स्पष्टीकरणं. पहिलं, कंपन्यांकडे औषध आहे पण त्यांनी ते दाबून ठेवलंय, कारण माणूस बरा झाला तर जन्मभर गोळ्या कोण घेणार? दुसरं, इलाज कधीच निघालाय, अमुक गावच्या हकिमाकडे किंवा तमुक वैद्याकडे आहे, फक्त डॉक्टर लोक मानत नाहीत.

ही दोन्ही उत्तरं एकमेकांच्या उलट दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट माहीत नसणं आहे. आज तीच सांगायचा प्रयत्न करतो.

आधी दोन शब्द वेगळे करू. एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत आणि ती उत्तम आहेत. 1996 च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि मरणाच्या दारातली माणसं उठून कामावर गेली. आज आपल्याकडे बहुतेकांना तीन औषधं एकाच गोळीत मिळतात, दिवसातून एकदा. वेळेवर सुरुवात केली आणि नेमाने घेतली तर माणूस जवळपास इतरांइतकाच जगतो. रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. आणि ज्याच्या रक्तात तो असा सापडेनासा झालाय आणि तसाच राहिलाय, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. 2016 आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पार्टनर नावाच्या दोन मोठ्या अभ्यासांत शेकडो जोडपी होती, एक जण बाधित आणि एक नाही. बाधित जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याचं एकही उदाहरण निघालं नाही.

मग हा माणूस बरा झाला नाही का? नाही. वीस वर्षं नेमाने गोळ्या घेतलेल्या माणसाने त्या थांबवल्या, तर बहुतेकांच्या रक्तात दोन-चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. वीस वर्षं तो होता कुठे?

याचं उत्तर विषाणूच्या काम करण्याच्या पद्धतीत आहे. एचआयव्हीची सगळी माहिती साधारण 9,700 अक्षरांत मावते. जनुकं फक्त नऊ. काँप्युटरच्या हिशोबाने धरलं तर अडीच केबीसुद्धा नाही. तुमच्या काकांनी सकाळी पाठवलेल्या गुड मॉर्निंगच्या फोटोपेक्षा किती तरी लहान. आपल्या पेशीतल्या डीएनएची माहिती आहे सुमारे 300 कोटी अक्षरांची.

हा विषाणू शिरतो तो आपल्याच संरक्षण दलातल्या सीडी-4 पेशींमध्ये. या पेशी इतर पेशींना हुकूम देतात, कोणाशी लढायचं ते सांगतात. म्हणजे चोराने थेट पोलीस कंट्रोल रूमच गाठली. आत गेल्यावर तो पुढचं जे करतो ते खरं महत्त्वाचं. आपल्या पेशीत माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते. एचआयव्ही उलटा जातो. तो आरएनए घेऊन येतो आणि त्याचा डीएनए बनवतो. असं उलटं काम करणारं एन्झाइम असतं हे 1970 मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं, तोपर्यंत अनेक शास्त्रज्ञ ते मानायला तयार नव्हते. डीएनए तयार झाला की दुसरं एक एन्झाइम आपल्या पेशीचा डीएनए कापतं, त्यात विषाणूचा तुकडा बसवतं आणि जोड आपली पेशीच बुजवून टाकते.

तुमच्यापैकी जे कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकताहेत त्यांना हे लगेच कळेल. काँप्युटरमध्ये व्हायरस आला तर अँटिव्हायरस ती फाइल शोधून डिलीट करतो. इथे वेगळी फाइलच उरलेली नाही. 300 कोटी अक्षरांच्या तुमच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी 9,700 अक्षरं घुसवून सेव्ह केलीत. ती पेशी दुभंगली की नव्या पेशीतही ती ओळ जशीच्या तशी उतरते. बरं, एका पेशीत ती एका जागी, दुसऱ्या पेशीत भलत्याच जागी.

कोरोनाचा विषाणू पेशीच्या डीएनएला हात लावत नाही. पेशीत शिरतो, स्वतःच्या नकला काढतो, शरीर ती पेशी मारतं, विषय संपला. म्हणून कोरोनाशी एचआयव्हीची तुलना करता येत नाही. जास्त योग्य तुलना आहे हेपेटायटिस सी ची. तोही रक्तातून पसरतो, वर्षानुवर्षं शरीरात राहतो, यकृत खराब करतो. पण तो डीएनएत शिरून बसत नाही. सतत नकला काढत राहणं एवढाच त्याचा जगण्याचा मार्ग. 2013 नंतर नव्या गोळ्या आल्या, नकला थांबल्या, आणि आठ ते बारा आठवड्यांत माणूस कायमचा बरा व्हायला लागला.

कंपन्या इलाज दाबून ठेवतात म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. हेपेटायटिस सी ची ती गोळी अमेरिकेत पहिल्यांदा एका गोळीला 1,000 डॉलर, बारा आठवड्यांना 84,000 डॉलर या भावाने विकली गेली. कंपनीने इलाज लपवला नाही, विकला, आणि प्रचंड नफा केला. औषध कंपन्यांच्या भावांवर टीका करायला माझ्याकडे भरपूर मुद्दे आहेत. पण बरा करणारा इलाज हाती आल्यावर तो तिजोरीत ठेवण्याइतक्या त्या भोळ्या नाहीत.

आता वीस वर्षांच्या लपण्याकडे येऊ. लहानपणी गोवर होऊन गेला तर पुन्हा सहसा होत नाही, कारण काही पेशी ती आठवण घेऊन झोपी जातात आणि कित्येक वर्षं जिवंत राहतात. एचआयव्ही काही वेळा नेमका अशा पेशींमध्ये अडकतो. लागण झाल्यावर थोड्याच दिवसांत. पेशी झोपली की तिच्यातला विषाणूही गप्प. तो प्रथिनं बनवत नाही, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना पेशी चांगलीच दिसते. आणि आपली औषधं विषाणूच्या चालू कामात खोडा घालतात, कुणी आरएनएचा डीएनए होऊ देत नाही, कुणी तुकडा जोडू देत नाही. जिथे काम चालूच नाही तिथे औषध काय अडवणार?

1996 मध्ये असा आशावाद होता की दोन-तीन वर्षं गोळ्या घेतल्या की बाधित पेशी आपोआप मरतील आणि रोग संपेल. डेव्हिड हो या संशोधकाचा फोटो त्या वर्षी टाइम मासिकाने वर्षातला माणूस म्हणून छापला. मग जॉन्स हॉपकिन्सचे रॉबर्ट सिलिसियानो आणि इतरांनी झोपलेल्या पेशी मोजायला घेतल्या. दहा लाख झोपलेल्या सीडी-4 पेशींत साधारण एक, जिच्यातला विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो. ऐकायला नगण्य. पण हा साठा निम्मा व्हायलाच सुमारे 44 महिने लागतात. 2003 साली त्यांनी हिशोब मांडला तो असा: नुसत्या गोळ्यांवर हा साठा संपायला 73 वर्षं लागतील. म्हणून गोळ्या जन्मभर.

पुढे कळलं ते याहून निराश करणारं होतं. या पेशी नुसत्या पडून राहत नाहीत, त्या अधूनमधून दुभंगतात. विषाणूने नवी पेशी गाठायचीही गरज नाही, पेशीच त्याची प्रत काढून देते. शिवाय यातल्या बहुतेक पेशी रक्तात नसतात. त्या गाठींमध्ये, आतड्यांच्या अस्तरात, प्लीहेत असतात, आणि आपण तपासतो ते हातातून काढलेलं रक्त.

माझ्या कामात सगळ्यात नकोसा बग कुठला माहिती आहे? जो लपलेला आहे, जो मुद्दाम घडवून दाखवता येत नाही, आणि दुरुस्त केल्यावर तो खरंच गेला का हे तपासायची टेस्टच नाही. इथे तसंच आहे. डीएनएत सापडलेल्या विषाणूच्या प्रतींपैकी 90 टक्क्यांहून जास्त मोडक्या असतात, काही अक्षरं गळालेल्या, पुन्हा कधीच चालू न होणाऱ्या. साधी तपासणी मोडक्या आणि चालू प्रती सरसकट मोजते. चालू प्रत एकही उरली नाही, हे सांगण्याचा पक्का मार्ग अजून एकच: गोळ्या थांबवा आणि वाट बघा.

ही वाट बघणं किती फसवं असतं याचं उदाहरण अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं आहे. 2010 मध्ये एका बाधित आईला मूल झालं. तीस तासांच्या आत औषधं सुरू केली. दीड वर्षाचं असताना त्याची औषधं सुटली, आणि नंतर तपासलं तर विषाणू नाही. 2013 मध्ये जगभर बातम्या, बाळ बरं झालं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. औषधं सुटल्यावर सत्तावीस महिन्यांनी, 2014 च्या जुलैत जाहीर झालं की विषाणू परत आलाय. सव्वादोन वर्षं कुठल्या तरी मूठभर पेशी झोपून होत्या. ही गोष्ट तेवढी लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागणार आहे.

तरीही बरी झालेली माणसं आहेत. पहिला टिमोथी रे ब्राऊन, बर्लिनमध्ये राहणारा अमेरिकन. त्याला एचआयव्ही होता आणि 2006 मध्ये रक्ताचा कर्करोग झाला. त्यासाठी दुसऱ्याचा अस्थिमज्जा, बोन मॅरो, बसवायचा होता. त्याचे डॉक्टर गेरो ह्यूटर यांच्या डोक्यात एक कल्पना आली. सीडी-4 पेशीत शिरायला एचआयव्हीला बहुतेकदा सीसीआर-5 नावाचं दुसरं एक कुलूप लागतं. उत्तर युरोपीय वंशाच्या साधारण एक टक्का लोकांच्या पेशींवर हे कुलूपच नसतं. असाच दाता मिळाला तर? एकसष्टावा दाता तसा निघाला. 2007 आणि 2008 मध्ये दोनदा प्रत्यारोपण झालं. गोळ्या बंद होत्या, विषाणू परत आला नाही. 2020 मध्ये ब्राऊन वारला तो कर्करोग उलटल्याने, एचआयव्हीने नाही.

मग सगळ्यांना हेच का करत नाहीत? कारण यात आधी जुनी रोगप्रतिकार यंत्रणा औषधांनी आणि काही वेळा किरणोत्साराने उद्ध्वस्त करावी लागते. ब्राऊन दुसऱ्या वेळी मरता मरता वाचला. कर्करोगाने मरणाऱ्या माणसासाठी हा धोका पत्करता येतो. रोज एक गोळी घेऊन धडधाकट जगणाऱ्याला या मार्गाने नेणं हा गुन्हा ठरेल. त्यात आपल्याकडे तसा दाता जवळपास मिळणारच नाही. 2019 मध्ये लंडनचा, 2023 मध्ये ड्युसेलडॉर्फचा, असे आणखी काही जण बरे झाल्याचं जाहीर झालं, पण ते अजूनही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत आणि जवळजवळ सगळे कर्करोगाचे रुग्ण होते. बोस्टनमध्ये दोघांना साधा दाता मिळाला होता, कुलूप असलेला. त्यांच्या रक्तातूनही विषाणू नाहीसा झाला होता. गोळ्या थांबवल्यावर एकाला 12 आठवड्यांनी, दुसऱ्याला 32 आठवड्यांनी परत आला.

बाकीचे प्रयोग थोडक्यात सांगतो. झोपलेल्या पेशींना औषधाने जागं करायचं म्हणजे शरीर त्यांना मारेल, ही कल्पना. काही पेशी जाग्या होतात, मरत मात्र नाहीत. दुसरी कल्पना उलटी, विषाणूला इतकं गाढ झोपवायचं की तो उठूच नये. तिसरी क्रिस्पर, म्हणजे डीएनएची कात्री घेऊन ती ओळच कापून काढायची. मला इंजिनिअर म्हणून ही सगळ्यात आवडते. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत ती धोकादायक ठरली नाही, पण गोळ्या थांबवल्यावर विषाणू परत आला. शरीरभर विखुरलेल्या दहा लाखांतल्या त्या एकेका पेशीपर्यंत कात्री पोचवायची, आणि चुकून भलती ओळ कापायची नाही. आमच्या धंद्यात 99 टक्के काम झालं की लोक पेढे वाटतात. इथे उरलेला एक टक्का सगळं पुन्हा उभं करतो.

हे इतकं सविस्तर का सांगितलं ते आता सांगतो.

2007 च्या जानेवारीत पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया या मुस्लिमबहुल देशाचे राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह यांनी जाहीर केलं की मी एड्स बरा करतो. आयती पुटपुटत रुग्णांच्या अंगाला हिरवा लेप लावायचा, झाडपाल्याचा काढा पाजायचा, टीव्हीवर दाखवायचं. आणि रुग्णांना सांगायचं, एआरटीच्या गोळ्या बंद करा. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने शंका घेतली तर तिला देशाबाहेर काढलं. माणसं मेली. वाचलेल्यांपैकी तिघांनी 2018 मध्ये, जामेह सत्तेवरून गेल्यावर, कोर्टात दावा लावला. हा फक्त आपल्या समाजाचा रोग आहे असं कुणी समजू नये. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्यमंत्रीबाई त्याच काळात बीट आणि लसूण खायला सांगत होत्या.

हे राष्ट्राध्यक्ष स्तरावर झालं. गल्लीच्या स्तरावर काय होतं ते मी पाहिलंय. आमच्या ओळखीतल्या एका रिक्षावाल्या भाईंनी एआरटी सोडून एका 'कोर्स'साठी बायकोचे दागिने मोडले. नव्वद दिवसांचा कोर्स. महिन्याभराने त्यांना रिपोर्ट दाखवण्यात आला, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. घरात मिठाई वाटली. आता तुम्हाला कळलंय म्हणून तुम्हीच सांगा, तो रिपोर्ट कशाचा होता? तो व्हायरल लोडचा रिपोर्ट होता, कोर्स सुरू व्हायच्या आठवडाभर आधी सरकारी केंद्रात रक्त दिलं होतं त्याचा. विषाणू दिसेनासा केला होता सहा वर्षांच्या गोळ्यांनी. श्रेय आणि पैसे गेले दुसऱ्याच्या खिशात. पुढे पाच-सहा महिने तब्येत ठीक होती, कारण सीडी-4 खाली यायला वेळ लागतो. त्याच काळात त्यांनी दोघातिघांना तो पत्ता दिला. नंतर टीबी झाला. आता ते पुन्हा गोळ्यांवर आहेत. वाचले.

ही फसवणूक का चालते ते बघा. गोळी थांबवल्यावर काही काळ माणसाला बरंच वाटतं. मिसिसिपीच्या बाळाला तर दोन वर्षांहून जास्त काळ जगातल्या उत्तम प्रयोगशाळाही बरं समजत होत्या. मग नव्वद दिवसांत 'खात्रीने बरं करतो' म्हणणाऱ्याने नेमकं काय तपासलं? हा एक प्रश्न तुम्ही विचारू शकता. दुसरं असं की अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी विषाणूला औषध पचवायला शिकायची संधी मिळते. नकला काढताना तो सतत चुका करतो, आणि त्यातली एखादी चूक त्याच्या फायद्याची निघते. आपल्या देशात औषध नियमांच्या ज्या यादीत 'हे रोग बरे करतो असा दावा करता येणार नाही' असे रोग दिलेत, त्यात एड्स आहे. म्हणजे तो दावा करणारा कायद्यानेही चूक आहे, मग तो हकीम असो, वैद्य असो की डॉक्टर.

आणि गोळीला कमी लेखू नका. 2001 पर्यंत या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. त्या वर्षी मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीच तीन औषधं वर्षाला 350 डॉलरला, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमीत द्यायची तयारी दाखवली आणि जगभरचे भाव कोसळले. आफ्रिकेत लाखो माणसं त्यामुळे जगली. भारतात एप्रिल 2004 पासून सरकार ही औषधं फुकट देतं, सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने नोकरी, शाळा, दवाखान्यात भेदभाव करायला बंदी आहे, आणि तुमच्या संमतीशिवाय तुमचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगणं बेकायदा आहे. अम्मी-अब्बूंनासुद्धा.

एका ताईने नाव न घालता विचारलंय, रमजानमध्ये गोळीचं काय करायचं. गोळी दिवसातून एकच असेल तर इफ्तारनंतरची किंवा सहेरीची एक ठरलेली वेळ धरता येते. फक्त वेळ बदलायच्या आधी आणि तब्येत नाजूक असेल तर रोजा धरायच्या आधी आपल्या एआरटी केंद्रात विचारा. रोजासाठी गोळी सोडून देऊ नका. दुसरा प्रश्न, बाधित बाईला निरोगी मूल होऊ शकतं का? हो. गरोदरपणात विषाणू पूर्ण दाबलेला असेल तर बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी थोडी उरते, पण त्यासाठी तपासणी आणि औषध वेळेत व्हायला हवं, आणि सासरी समजेल या भीतीने नेमकं तेच राहून जातं.

सरकारची हेल्पलाइन आहे 1097. फोन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. नंबर लिहून घ्या. आता ज्यांना समोरून विचारायचंय त्यांनी विचारा, आणि ज्यांना नाही त्यांनी चिठ्ठी पाठवा, डबा मागे ठेवलाय.